रेटिंग शाळेचं की शेजाऱ्यांचं?

मुक्कामपोस्ट:

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हमखास एक प्रश्न येतो. पोरगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल, कुठला स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला? (घर ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत, सरकारी शाळा तिथलीच.) उत्तरंही ठरलेली: वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, प्रिन्स्टन, क्रॅनबरी, माँटगोमेरी. मग शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या वेबसाइटवर नऊ आहे की दहा ते बघायचं आणि बजेट फाटेस्तोवर ताणायचं. माझं म्हणणं सरळ आहे. तो आकडा शाळा काय शिकवते हे फारसं सांगतच नाही. गावात कोण राहतं, ते सांगतो.

प्रिन्स्टनचंच घ्या. लहान डिस्ट्रिक्ट. चार प्राथमिक शाळा, एक मिडल स्कूल, एक हायस्कूल, सगळी मिळून साधारण ३,८०० मुलं. शेजारचं क्रॅनबरी त्याहून चिमुकलं, आठवीपर्यंतची एकच शाळा, नववीपासून त्यांची मुलंही प्रिन्स्टन हायस्कूललाच येतात. विद्यापीठातले प्राध्यापक, औषध कंपन्यांतले शास्त्रज्ञ, रोज ट्रेनने न्यूयॉर्क गाठणारे बँकवाले, यांची ही मुलं. सरासरी चांगली येणार नाही तर काय होईल? पण त्याच गावात विदरस्पून स्ट्रीटच्या आसपास जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे, आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, लोकांच्या बागांत राबणारी ग्वाटेमालाहून आलेली कुटुंबं आहेत. राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. वरची सरासरी सोडून द्या आणि खाली गटवार तक्त्यापर्यंत या. तेच वर्ग, तेच शिक्षक, तीच ग्रंथालयं, आणि तरी गोऱ्या-आशियाई मुलांचा रकाना आणि गरीब घरांतल्या मुलांचा रकाना बघून दोन वेगळ्या गावांचे आकडे वाचतोय असं वाटेल. शाळा खरंच 'दहापैकी नऊ' असेल तर ती सगळ्यांसाठी नऊ का नाही?

ही काही माझ्या सुपीक डोक्यातली कल्पना नव्हे. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकन सरकारसाठी सुमारे ४,००० शाळांतल्या सहा लाखांवर मुलांचा अभ्यास केला. निकालाचं नातं इमारती आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त निघालं. अलीकडे स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशातल्या साधारण ११,००० डिस्ट्रिक्टांचे निकाल एका मापात आणून पाहिले. तिसरीचा सरासरी निकाल गावाच्या सांपत्तिक स्थितीच्या मागोमाग जातो. मात्र तिसरी ते आठवी मुलं किती पुढे सरकली हे मोजलं की श्रीमंतीशी असलेला संबंध अगदीच फिका पडतो. शिकागोची मुलं त्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. आपल्या ग्रुपवर कुणी शिकागो पब्लिक स्कूल्ससाठी घर बदललेलं ऐकलंय?

आणि 'आपली मुलं मुळातच हुशार' हेही जरा आवरतं घेऊया. १९६५ चा इमिग्रेशन कायदा, मग १९९० पासूनचा एच-वन-बी, अशा चाळणीतून इथे आलेली ही माणसं. आई-बाबा दोघं इंजिनियर, आजी सहा महिने येऊन पाढे घेणार, शनिवारी कुमॉनचा गणिताचा क्लास, रविवारी मराठी शाळा. हे पोर मर्सर काउंटीतल्या कुठल्याही शाळेत घाला, राज्याच्या परीक्षेत पास होणारच आहे. तेवढ्यासाठी गळ्याएवढं कर्ज का?

रोखठोक:

लेख वाचायला छान आहे. एकच विचारतो, तुम्ही स्वतः राहता कुठे?

मुक्कामपोस्ट:

वेस्ट विंडसरला. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन चालत आहे म्हणून. मुलं व्हायच्या आधी घेतलं होतं घर.

रोखठोक:

वाटलंच! ज्याचं घर दहाच्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे त्यालाच रेटिंग झूट वाटतं.

आता मुद्द्यावर. गावात कोण राहतं यावर निकाल ठरतो हे मान्य. मग? मी तेच तर विकत घेतोय. माझा मुलगा दिवसाचे सात तास ज्या मुलांबरोबर बसणार आहे, ती मुलं घरचा अभ्यास करून येतात की नाही याने मला फरक पडतो. वर्गातल्या वीस जणांना अपूर्णांक येत असतील तर बाई पुढे जातील, येत नसतील तर थांबतील. हायस्कूलला ए.पी. फिजिक्स, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं फिजिक्स, घ्यायला पुरेशी मुलं असतील तरच तो वर्ग भरतो. याला तुम्ही 'शाळा नव्हे, शेजारी' म्हणा, माझ्या मुलाला दोन्ही एकाच दारातून मिळतात.

अभ्यासांचीच भाषा हवी असेल तर चेट्टी, हेंड्रेन आणि काट्झ यांचा २०१६ चा निबंध आहे. नव्वदच्या दशकात पाच शहरांतल्या सरकारी वसाहतींमधल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली होती. तेरा वर्षांच्या आत असताना हललेली मुलं मोठेपणी ३१ टक्के जास्त कमवत होती. पत्ता बदलल्याने आयुष्य बदलतं, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

चष्मिश:

तो अभ्यास उत्तम आहे, पण तुमच्या बाजूने तो जेमतेम अर्धा बोलतो. ती मुलं अतिगरीब वस्तीतून निघाली होती. दोन पगारांच्या घरातलं मूल सातच्या डिस्ट्रिक्टमधून दहाच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल्यावर काय होतं, हे त्यातून कळत नाही. त्याच्या जवळ जाणारा पुरावा वेगळा आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेशपरीक्षेवर चालणारी नावाजलेली हायस्कूलं आहेत. तिथे काठावर आत आलेली आणि काठावर राहिलेली मुलं घेऊन अर्थतज्ज्ञांनी पुढचे निकाल तपासले (२०१४ चा निबंध). सोबतीला एकदम हुशार मुलं मिळूनही आत गेलेल्यांच्या गुणांत जवळजवळ काही भर पडली नाही.

मूळ लेखाशीही माझं एक भांडण आहे. लहान डिस्ट्रिक्टचे आकडे हातात धरून इतक्या ठाम गप्पा मारू नयेत. समजा एका इयत्तेत पन्नास मुलं आहेत. त्यातली दोन परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली किंवा दोन हुशार बहिणी टेक्सासला गेल्या की टक्केवारी चारने हलते. यंदा क्रॅनबरी पाचने खाली म्हणून हळहळायचं, पुढच्या वर्षी पाचने वर म्हणून पेढे वाटायचे, आणि शाळेत मात्र काहीही बदललेलं नसतं. गटवार तक्ते तर त्याहून नाजूक. गटात मुलं फारच कमी असली की रिपोर्टमध्ये आकड्याच्या जागी चांदणी असते, म्हणजे जिथे विषमता शोधायची तिथेच रकाना कोरा. मुक्कामपोस्ट ज्या 'प्रगती'च्या आकड्यावर भिस्त ठेवतात, तो दोन परीक्षांच्या फरकातून येतो, त्यामुळे लहान शाळेत तो आणखीच उड्या मारतो. किमान तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र बघा, नाहीतर बघूच नका.

आणखी एक. गरिबी मोजायला इथे फुकट किंवा सवलतीच्या जेवणाचा आकडा वापरतात. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. पण २०१० च्या कायद्यानंतर गरीब वस्तीतल्या शाळांना सरसकट सगळ्यांना फुकट जेवण देता येतं. छान सोय आहे, मुलाला रांगेत ओशाळं व्हावं लागत नाही. फक्त तो आकडा तुलनेसाठी कुचकामी झाला.

जंक्शनवासी:

मी वेस्ट विंडसरची, दोन्ही मुलं इथल्याच हायस्कूलमधून बाहेर पडली. 'दहाचा डिस्ट्रिक्ट' आतून कसा असतो हे कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते.

२०१५ आठवतंय का? डिस्ट्रिक्टचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र पाठवलं होतं. आदल्या शालेय वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणी करून घ्या असं सांगावं लागलं होतं, ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. डिस्ट्रिक्ट सुमारे ९,७०० मुलांचा. २००७ मध्ये त्यातली ४४ टक्के आशियाई होती, २०१५ पर्यंत ६५ टक्के झाली होती. मग हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा गेल्या, होमवर्क नसलेल्या रात्री आल्या, आणि चौथीपासूनचा प्रगत गणिताचा वर्ग सहावीपासून सुरू होणार असं ठरलं. बोर्डाच्या सभांना बसायला जागा नसायची. पालकांमध्ये साधारण उभी फूट, बदलांच्या बाजूला बहुतेक गोरे, विरोधात बहुतेक आपण आणि चिनी. सगळे आशियाई एका बाजूला होते असं मात्र नाही, मी नव्हते.

आमच्या घरी सातवीतली मुलगी रात्री साडेअकराला डायनिंग टेबलवर पुढच्या इयत्तेच्या बीजगणिताची पानं सोडवायची. शाळेने दिली नव्हती, क्लासने दिली होती. मी एकदा म्हटलं, बास आता, झोप. तर म्हणाली, "अगं आई, वर्गातल्या सगळ्यांचं हे गेल्या वर्षीच झालंय." रोखठोक, सोबतच्या मुलांचा परिणाम म्हणतात तो हाही असतो बरं का.

रोखठोक:

ताई, मुलांची काळजी कुणाला नाही? पण तो निर्णय कुणाच्या गळ्यात पडला ते बघा. प्रगत गणिताच्या वर्गात ९० टक्के मुलं आशियाई होती. बरोबर तोच वर्ग दोन वर्षं पुढे ढकलला. फुटबॉलचे सराव किंवा पहाटेची पोहण्याची टीम यांचं वेळापत्रक मानसिक ताणाच्या नावाखाली कमी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ज्या गोष्टीत आपली मुलं पुढे, नेमकी तीच 'अतिरेकी' कशी ठरते? आणि परिणाम काय झाला सांगू? ज्यांना परवडतं त्यांनी तेच गणित बाहेर पैसे टाकून घेतलं. शाळेतला फुकटचा वर्ग गेला तो टॅक्सीवाल्याच्या, दुकानदाराच्या हुशार पोराचा.

जंक्शनवासी:

शेवटचं वाक्य अगदी पटलं. पण क्लासवाल्यांची दुकानं २०१५ च्या आधीही तेवढीच भरलेली होती. चौथीतल्या वर्गात शिरायला तिसरीत क्लास लावणारे पालक मी पाहिलेत. फुकटचा वर्ग टॅक्सीवाल्याच्या पोरासाठी होता म्हणता, तिथे त्याला प्रवेशच मिळत नव्हता.

खडूफळा:

मी शिक्षिका आहे, इथून गाडीने पाऊण तासावरच्या एका गरीब डिस्ट्रिक्टमध्ये. डिस्ट्रिक्टचं नाव नको, रेटिंग दोन ते तीनच्या मध्ये असतं. 'असल्या' शाळांबद्दल इथे कुणी काही विचारलं नाही, पण पूर्ण चर्चा आमच्याकडे न येण्यासाठी किती पैसे मोजायचे यावर चालली आहे, तेव्हा दोन शब्द.

माझ्या पाचवीच्या वर्गात नोव्हेंबरमध्ये एक मुलगा आला, होंडुरासहून. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. भाषेच्या परीक्षेतून अशा मुलांना पहिल्या वर्षी सूट असते, गणिताच्या नसते. भागाकार तो माझ्यापेक्षा भराभर करायचा. त्याची तो मांडायची पद्धत वेगळी, भाजक उजवीकडे लिहायचा. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र पेन्सिल खाली. मे महिन्यापर्यंत तो सोपी गोष्ट वाचून मला सांगत होता. पालकसभेला आईसाठी दुभाष्याचं काम त्यानेच केलं, स्वतःबद्दलच्या तक्रारी जरा सौम्य करून सांगितल्या असाव्यात असा मला संशय आहे. राज्याच्या तक्त्यात हा मुलगा गणितात नापास. सहा महिन्यांत त्याने जे केलं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तरीही मुक्कामपोस्ट यांच्याशी मी सहमत नाही. 'शाळेने फारसा फरक पडत नाही' हा सूर श्रीमंत गावातून निघतो आणि पोचतो बरोबर ट्रेंटनच्या विधानभवनात, जिथे आमचा निधी ठरतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट विरुद्ध बर्क खटल्यात १९९० मध्ये सांगितलं की गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतकाच पैसा मिळाला पाहिजे. १९९८ च्या निकालाने त्या डिस्ट्रिक्टांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार बालवाडी मिळाली. असे ३१ डिस्ट्रिक्ट आहेत. बालवाडी करून आलेलं मूल आणि न करता आलेलं मूल मला पहिल्या आठवड्यात ओळखू येतं. कात्री धरण्यापासून फरक असतो. पैसा लागतो, आणि तो कामी येतो.

मुक्कामपोस्ट:

खडूफळा, शाळेने फरक पडत नाही असं मी म्हटलेलं नाही. सरासरी गुणांतून तो फरक दिसत नाही, एवढंच म्हणणं आहे. रिअर्डन यांचे आकडे उलट तुमच्याच बाजूचे आहेत. तुमच्यासारख्या शाळा पुष्कळ शिकवतात आणि रेटिंग त्याबद्दल त्यांना शून्य देतं. २०१७ नंतर ग्रेटस्कूल्सने प्रगतीचा घटक आत घेतला, तरी लोक बघतात तो शेवटी एकच गोल आकडा.

पैशाबद्दल पूर्ण सहमत. या राज्यात २०२३ मध्ये घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स ९,८०० डॉलरवर गेला, देशात सगळ्यांत जास्त, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा शाळांचा. जिथे घरं महाग तिथे कमी दरातही गल्ला भरतो.

पटसंख्या:

सातारा जिल्ह्यातून. जि. प. शाळेत शिक्षक. तुमच्याकडे गावाची हद्द गाळणी, आमच्याकडे फी. इकडे शिक्षकांचा पगार गावाच्या घरपट्टीवर ठरत नाही, राज्य देतं, त्यामुळे शाळेसाठी कुणी शेजारच्या गावात घर घेत नाही. दारात पिवळी व्हॅन येते आणि सरपंचाचा नातू तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातो. मागे उरतात ऊसतोडवाल्यांची आणि शेतमजुरांची पोरं. मग निकाल खाली म्हणून आणखी चार जण जातात, पट विसाच्या खाली उतरतो, आणि २०२३ पासून अशा शाळांना 'समूह शाळे'त विलीन करायचं बोलणं सुरू. आमच्याकडे दर्जाआधी पट मोजतात. तुमच्या एका राज्यात ६०० च्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट कसे, हे मात्र कळलं नाही. आमच्या अख्ख्या राज्यात जिल्हे छत्तीस.

मुक्कामपोस्ट:

सर, प्रत्येक गावाला स्वतःचं बोर्ड, स्वतःचा कर आणि स्वतःचा सुपरिंटेंडंट हवा असतो म्हणून. 'होम रूल' हा इथला कुळाचार समजा. हद्दी लहान असल्या की श्रीमंत गाव आपल्यापुरतं कुंपण घालू शकतं. पण हद्दी काही ब्रह्मदेवाने आखलेल्या नाहीत. प्रिन्स्टनमध्येच कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी विदरस्पून शाळा होती. १९४७ च्या राज्यघटनेने असा भेद बंद केल्यावर १९४८ मध्ये गावाने दोन शाळांची जोडी लावली, लहान इयत्ता सगळ्यांच्या नासाऊ स्ट्रीटच्या शाळेत, मोठ्या इयत्ता सगळ्यांच्या विदरस्पूनमध्ये. शाळांतला वर्णभेद देशभर घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या सहा वर्षं आधी. 'प्रिन्स्टन प्लॅन' म्हणून पुढे इतर गावांनी ते उचललं. २०१८ मध्ये राज्यावर खटला भरला गेला तो याच मुद्द्यावर, मुलाने राहत्या गावातच शिकायचं या नियमाने शाळा वंशानुसार वेगळ्या पडल्या आहेत म्हणून.

रोखठोक:

प्रिन्स्टन प्लॅनला पाऊणशे वर्षं झाली आणि तुमच्याच लेखाप्रमाणे दोन रकान्यांतली दरी अजून आहे. म्हणजे एका इमारतीत बसवून काम भागलं नाही. मग मी माझ्या मुलाला प्रयोगात का घालू?

खडूफळा:

एका इमारतीत बसवलं, पण पाचवी-सहावीत गणिताचे गट पाडले की इमारतीच्या आत पुन्हा दोन शाळा होतात. ते नाही केलं, तर बोलू प्रयोगाबद्दल.

नवखा_एडिसन:

मोठ्या लोकांची चर्चा वाचून डोकं गरगरलं. मी साधा माणूस, एच-वन-बीवर, पोरगी पाच वर्षांची. घ्यायचं कुठे ते सांगा ना कुणीतरी!

जंक्शनवासी:

आधी घेऊच नका. प्लेन्सबरोमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटांचे मोठमोठे कॉम्प्लेक्स आहेत, भाडेकरूच्या मुलालाही शाळा तीच. एक-दोन वर्षं राहा. शाळेच्या बॅक-टू-स्कूल नाइटला, म्हणजे वर्षारंभीच्या पालकभेटीला, नुसतं हसून परत येऊ नका. गणिताचे गट कुठल्या इयत्तेपासून पाडता, आणि गटात अडकलेलं मूल वर कसं येतं, हे विचारा. समुपदेशक किती मुलांमागे एक आहे तेही. उत्तर देताना मुख्याध्यापिका अडखळल्या तर समजून जा. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असताना तीस वर्षांचं कर्ज हा वेगळाच धागा होईल.

रोखठोक:

भाड्याने राहणं ठीक. पण कधी ना कधी घ्याल तेव्हा नऊच्या वरच घ्या. रेटिंग खोटं का असेना, उद्या विकायला काढलं की समोरचा तेच बघणार. मुक्कामपोस्ट कितीही लिहोत, त्यांच्या घराची किंमत त्यांच्या लेखाला विचारून ठरत नाही :)

चष्मिश:

त्याचंही माप आहे. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत रस्त्याच्या अल्याड एक शाळा आणि पल्याड दुसरी, अशी घरं घेऊन तुलना केली. परिसर तोच, बदलते फक्त शाळेची हद्द. शाळेचे गुण पाच टक्के जास्त असले तर घराला अडीच टक्के जास्त किंमत. सहा लाखांच्या घरावर १५,००० डॉलर. तुम्ही दहाच्या डिस्ट्रिक्टसाठी दोन लाख जास्त मोजत असाल, तर त्यातले बरेचसे स्टेशनचे, मोठ्या अंगणाचे आणि तिथे राहतो असं सांगता येण्याचे आहेत.

नवखा_एडिसन:

स्टेशनचे चालतील, ऑफिस मॅनहॅटनला आहे. प्लेन्सबरोत दोन बेडरूमचं भाडं सध्या काय चाललंय, कुणी सांगेल का? व्यनि केला तरी चालेल.